सह्याद्रीतील रात्र : पाली, साप आणि छायाचित्रकार

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

वर्षावन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ॲमेझॉनचे खोरे किंवा बोर्निओचे बेट उभे राहते. परंतु महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर वसलेल्या आंबोलीच्या परिसरात सदाहरित व निमसदाहरित अरण्याचे पट्टे आजही उभे आहेत. राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते. जून ते सप्टेंबर या काळात तेथील धबधब्याकडे दिवसा हजारो लोक जातात. अलीकडच्या काही वर्षांत मात्र रात्रीही माणसे येऊ लागली आहेत. त्यांच्या कपाळाला विजेरी, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात कॅमेरा असतो. त्यांना पाहावयाचे असतात ते साप, बेडूक आणि पाली.

हा छंद स्वागतार्ह आहे. ज्या प्राण्याला पाहताक्षणी काठी उगारण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्याला पाहण्यासाठी कोणी भर पावसात चार तास चालतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण या छंदाला काही शिस्त हवी आणि ती लावण्यात गावाचाही वाटा असला पाहिजे.

प्रथम शोधण्याची रीत पाहू. अंधार पडल्यावर तासाभराने, पाऊस थोडा उघडला की जंगलाची हालचाल वाढते. जाणता वाटाड्या झपाझप चालत नाही. ओढ्याकाठची झुडपे, कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या, खडकांच्या कपारी आणि जुन्या वृक्षांची खोडे तो विजेरीच्या झोतात क्रमाक्रमाने न्याहाळतो. गवतात ठिणग्यांसारखे काही लुकलुकले की नवखा माणूस हरखतो. बहुधा ते कोळ्याचे डोळे निघतात! साप असा चमकून दिसत नाही. तो आकारावरून ओळखावा लागतो. हरणटोळ दिवसा पानांत इतका मिसळलेला असतो की हातभर अंतरावरूनही दिसू नये. रात्री तो फांदीवर सैल वेटोळे घालून झोपतो, तेव्हा त्याचे फिकट अंग प्रकाशात चटकन उठून दिसते.

मलबारी चापडा हा या अरण्याचा खरा रात्रपाळीवाला. ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा शेवाळलेल्या दगडावर तो भक्ष्याची वाट पाहत तासन्‌तास निश्चल बसतो. एकाच जातीत हिरवा, तपकिरी, पिवळसर असे अनेक रंग आढळतात, त्यामुळे ‘हिरवा तेवढा विषारी’ यासारखे आडाखे येथे निरुपयोगी ठरतात. डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगी असते. तिच्या साहाय्याने उष्ण रक्ताच्या प्राण्याची ऊब त्याला अंधारातही जाणवते. चेहऱ्याशी कॅमेरा भिडवणाऱ्या माणसाने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

पालींकडे तुलनेने दुर्लक्ष होते, आणि ते अन्यायाचे आहे. ‘पाल चुकचुकली’ म्हणून काम थांबवणारा समाज पालीला विषारीही मानतो. वस्तुतः भारतातील कोणतीही पाल विषारी नाही. घरातील पालीची बाहुली उभ्या फटीसारखी असते. प्रकाश पडताच ती आकसून बारीक होते. तिला हलत्या पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक आवरण असते आणि ते ती जिभेने पुसून स्वच्छ ठेवते. काही निशाचर पालींना मंद चांदण्यातही रंग ओळखता येतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. त्या उजेडात माणसाला सारे करडेच दिसते. सह्याद्रीच्या कड्याकपारींत नेमास्पिस या वंशाच्या अंगठ्याएवढ्या पालीही राहतात. त्यांची बाहुली गोल असते, त्या मुख्यतः दिवसा हिंडतात आणि रात्री खडकाला किंवा खोडाला चिकटून विसावलेल्या सापडतात. याच वंशातील एका जातीला २०१८ मध्ये आंबोलीचे नाव देण्यात आले. डोंगरा-डोंगरागणिक वेगळी जात, असा प्रकार या वंशात वारंवार आढळतो. एखाद्या जातीचे सारे जग काही थोड्या कड्यांपुरते असू शकते. शाळेतील विद्यार्थ्यांना हे सांगितले, तर आपल्या गावामागचा डोंगर त्यांना निराळा दिसू लागेल.

छायाचित्राचे तंत्र फारसे अवघड नाही. जवळून चित्र घेणारे, नव्वद ते शंभर मिलिमीटरचे भिंग पुरते. फ्लॅशचा प्रकाश थेट पडला की ओल्या खवल्यांवर पांढरे डाग उमटतात, म्हणून त्यापुढे पांढऱ्या कापडाचा किंवा कागदाचा पडदा लावून तो सौम्य करावा लागतो. कपाळाची विजेरी मंद ठेवून नजर स्थिर करावी, दोन-चार चित्रे घ्यावीत आणि प्रकाश बाजूला वळवावा. साप असेल तर त्याच्या लांबीपेक्षा कमी अंतरावर जाऊ नये.

अडचण तंत्रात नाही. ती हव्यासात आहे. साप पानाआड असतो, छायाचित्रकाराला तो मोकळ्या फांदीवर हवा असतो. मग काठीने त्याला उचलून दुसरीकडे ठेवले जाते. पालीला हातात धरले जाते आणि ती शेपूट टाकून देते. पालीची शेपूट हा तिचा चरबीचा साठा असतो. तो गेला म्हणजे पुढच्या कठीण दिवसांची शिदोरीच गेली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य प्राण्याला केवळ मारणेच नव्हे, तर पकडणे, हाकणे आणि आमिष दाखवणे यांचाही समावेश आहे, हे अनेक सुशिक्षित छायाचित्रकारांनाही ठाऊक नसते. राखीव वनात रात्री शिरण्यास वन विभागाची परवानगी लागते, हेही बऱ्याचदा सोयीस्करपणे विसरले जाते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. चित्रासोबत नेमके ठिकाण जाहीर केले जाते. दक्षिण चीनमधील एका पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी तिचा माग इतक्या त्वरेने काढला की मूळ ठिकाणाहून ती नाहीशी झाल्याचे शास्त्रज्ञांना २००६ मध्ये नोंदवावे लागले. २०१५ मध्ये त्याच वंशातील दोन नव्या जातींचे वर्णन करताना संशोधकांनी त्यांची ठिकाणे छापलीच नाहीत. आंबोलीचा वाघासारखे पट्टे असलेला भेक २००९ मध्ये जगापुढे आला आणि अतिसंकटग्रस्त ठरला. त्याचे वसतिस्थान फारच थोडे आहे. अशा प्राण्याच्या दगडापर्यंतची वाट कोणालाही दाखवणे हे आतिथ्य नव्हे.

माणसाच्या जिवाचाही येथे प्रश्न आहे. भारतात उपलब्ध असलेली बहुगुणी सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते. मलबारी चापड्याच्या विषावर ती उपयोगी ठरत नाही. त्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच ओढवतो, परंतु तीव्र वेदना, सूज आणि रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी घट्ट दोरी बांधणे, जखम चिरणे किंवा विष तोंडाने ओढणे, सारेच घातक. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णाला न चालवता रुग्णालयात नेणे, हाच मार्ग. घाटात रात्री मोबाइलचा संपर्क तुटतो, धुक्यात वाहन रांगत चालते. म्हणून जंगलात शिरणाऱ्या प्रत्येक गटाची नावे, परतीची वेळ आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक गावात कोणाकडे तरी नोंदलेला असणे अगत्याचे आहे.

ही नोंद कोणी ठेवावी? जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अनेक गावांत ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवली गेली आहे. आंबोलीजवळील हिरण्यकेशीच्या उगमस्थानी २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये शासनाने त्या क्षेत्रास जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. स्थानिक निरीक्षणाला केवढे मोल येऊ शकते, याचे हे जवळचे उदाहरण. रात्रीच्या फेऱ्यांतील छायाचित्रांची एक प्रत समितीकडे जमा व्हावी, तारीख, वेळ व हवामान लिहावे, मात्र नेमके ठिकाण समितीच्या कपाटातच राहावे आणि बाहेर केवळ तालुक्याचे नाव जावे. वाट दाखवणारा गावातील तरुण असावा व त्याचे मानधन आधी ठरलेले असावे. प्राण्याला हात लावणाऱ्या पाहुण्यास तेथूनच परत आणण्याचा अधिकार त्याला समितीने लेखी द्यावा.

आणखी एक काम ग्रामपंचायतीस स्वतःहून हाती घेता येईल. पावसाळी रात्री घाटरस्त्यावर ऊब शोधत आलेले साप आणि रस्ता ओलांडणारे बेडूक वाहनांखाली मोठ्या संख्येने चिरडले जातात. ओढा जेथे रस्त्याला भेटतो तेथे वेग कमी करण्याचा फलक लावण्याचा ठराव ग्रामसभेने करावा आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाठवावा. जून उजाडण्यापूर्वी तो पाठवला, तर त्याच पावसाळ्यात फलक उभा राहण्याची काही आशा धरता येईल.