पाकिटातले जिवाणू जिवंत आहेत का, ते आधी पाहा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



आपण कापूस-ज्वारीवाले. भाजीपाला आपल्याकडे विहिरीजवळच्या दहा-वीस गुंठ्यांत. वांगी, मिरची, टोमॅटो. पण आठवडी बाजाराची रोकड या तुकड्यातूनच येते आणि खताची गोणीही इथेच लवकर रिकामी होते.

ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचं किंमत-नियंत्रण उठलं. डीएपी, पोटॅशचे भाव भडकले, युरिया मात्र नियंत्रणात राहिला. मग काय, स्वस्त म्हणून युरिया मुठीमुठीनं पडू लागला. वांगं हिरवंगार, पानं लुसलुशीत, आणि त्या पानांवर मावा-तुडतुड्यांची जत्रा! खतात वाचले ते फवारणीत गेले.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. जमिनीतला अ‍ॅझोटोबॅक्टर ते घेतो. बायेरिंक या डच शास्त्रज्ञानं १९०१ साली तो दाखवून दिला. तुरी-मुगाच्या मुळांवर गाठी करणारा रायझोबियम वेगळा. वांग्या-टोमॅटोवर तो गाठी करत नाही, कोणी गळ्यात मारला तरी घेऊ नका. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद अडकून बसतं. स्फुरद विरघळवणारे जिवाणू आम्ल सोडून ते मोकळं करतात. मोकळं करतात, नवं आणत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आता माझी फजिती. पहिलं पाकीट मी आणलं ते दुकानात उन्हानं तापलेल्या फळीवरचं. तारीख पाहिली नाही. घरी आणून बुरशीनाशकातच कालवलं. जिवाणू मेले आणि वर आम्हीच म्हणालो, हे थोतांड आहे! तेव्हा तारीख पाहा, सावलीत ठेवलेलं मागा. २००६ पासून जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. पावती घ्या, म्हणजे तक्रार करता येते.

एका एकराच्या रोपांना किलोभर कल्चर १०-१५ लिटर पाण्यात कालवा. रोपांची मुळं पंधरा-वीस मिनिटं बुडवा, संध्याकाळी लावा. ज्वारीच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यातून चोळून सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी, जिवाणू शेवटी. युरियात मिसळू नका.

अ‍ॅझोटोबॅक्टरला खायला सेंद्रिय पदार्थ लागतो. गोठे ओस पडले, पऱ्हाट्या बांधावर जळतात, मग तो जगणार कशावर? शिवाय युरिया भरपूर मिळाला की तो हवेतलं नत्र घ्यायचं सोडून देतो. आयतं मिळाल्यावर कोण राबतो?

काही मंडळी सांगतात, रासायनिक खत विष आहे, एकदम बंद करा. पीक पिवळं पडलं तर त्यांच्यापैकी कोणी आपलं कर्ज फेडायला येणार नाही. हेक्टरी १०० किलो नत्र देत असाल तर पहिल्या वर्षी ७५ द्या. २५ किलो नत्र म्हणजे सुमारे ५४ किलो युरिया, ४५ किलोची एक बॅग आणि वर नऊ किलो. रुपयांत ही बचत फार मोठी नाही, खोटं कशाला सांगू? पण फवारणी एखादी जरी कमी झाली तरी हिशेब बदलतो.

तेही सगळ्या तुकड्यावर नको. चार ओळी जुन्या पद्धतीनं, चार ओळी नव्या. तोडणीचं वजन वेगवेगळं लिहा. मायबहिणींनो, तोडणी तुमच्याच हातची, वहीही तुमच्याकडेच राहू द्या. पुढच्या मेळाव्याला त्या वह्या घेऊन या. वजन घटलेलं असेल तर तेही इथेच वाचून दाखवू.