सावली सगळ्यांच्या वाट्याला यावी

आम्ही मंडईबाहेर भाजी विकणाऱ्या बायका. आज उन्हाबद्दल बोलणार आहोत. ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं म्हणतात, पण सावली काही सारखी मिळत नाही.

आपली महात्मा फुले मंडई १८८६ सालची. दगडी भिंती, उंच छत, आत वारा खेळता. त्यामुळे गाळ्यावरची मेथी दुपारपर्यंत टिकते. आम्ही बाहेर, तापलेल्या डांबरापाशी. डोक्यावर छत्री आणि भाजीवर ओलं गोणपाट. बाराच्या आत कोथिंबीर खपली तर बरं, नाहीतर जुड्या माना टाकतात आणि गिऱ्हाईक निम्म्या भावात मागतं. म्हणजे उन्हाची किंमत आमच्या गल्ल्यातून जाते.

बातम्यांत चाळीस अंश सांगतात ना, तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. वेधशाळेचा तापमापक जाळीदार झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात. डांबर आणि पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतात.

संध्याकाळी घरी जावं, तर वर पत्रा. दिवसभर भिंतींनी प्यायलेलं ऊन रात्री बाहेर पडतं. झाडं असली की जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही, आणि पानांतून निघणाऱ्या वाफेने हवा निवते. एरंडवण्यात, कोरेगाव पार्कात जुन्या झाडांखालून चालून बघा. मग लोहियानगर, काशेवाडीच्या बोळात या. तिथे दोन माणसं शेजारून जाणं मुश्कील, झाड लावणार कुठे?

म्हणून ‘झाडे लावा’ एवढंच सांगून भागत नाही. बोळात जागा नसेल, तर पत्र्याला उन्हाळ्याआधी पांढरा रंग द्यायला मदत मिळावी. अहमदाबादेत वस्त्यांमधून हे काम झालंय. झाडं वस्तीच्या तोंडाशी, शाळेच्या आवारात, बसथांब्यावर लावावीत, आणि तीन वर्षं पाणी घालायची जबाबदारी कुणाची, तेही ठरवावं. बऱ्याच बागा भर दुपारी बंद असतात. ज्या वेळी सावलीची खरी गरज, त्याच वेळी दाराला कुलूप! एप्रिल-मे महिन्यांत तरी त्या दुपारी उघड्या ठेवाव्यात.

आणि हे मागायला जागाही आहे. पुणे महापालिका नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करते. आपल्या प्रभागातलं काम सुचवायचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. पदपथाचे, बाकांचे अर्ज येतात. यंदा बचत गटाच्या बैठकीत बसून सावलीचा अर्ज लिहूया. जागा नेमकी सांगायची आणि तिथे दुपारी किती बायका उन्हात असतात, ते मोजून लिहायचं.

ही मंडई बांधायचं घाटत होतं, तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेत होते. एवढा पैसा इमारतीपेक्षा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे. त्या नावाखाली बसून आम्ही एवढंच विचारतो: गावचा पैसा आधी कुणासाठी?

अर्ज लिहायला मदत लागली, तर मंडईत या. आम्ही तिथेच असतो.