लिम्फोमा : न दुखणारी गाठ

(हडपसर येथील सभेत मंडळाच्या आरोग्य समितीतर्फे केलेले भाषण)



कर्करोग म्हटला की तंबाखू आणि तोंड एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. आज आम्ही लिम्फोमाविषयी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाविषयी बोलणार आहोत. मान, काख, जांघ येथे या ग्रंथी असतात. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींची ती ठाणीच. त्याच पेशी बिघडून वाढू लागल्या की गाठ येते. ती बहुधा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते.

आमच्या परिचयाच्या एका कामगार बांधवाला मानेत अशी गाठ आली. संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरलेले. क्षयाची लक्षणेही हीच! गाठ न तपासताच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांचा कोर्स संपला, गाठ वाढतच होती, म्हणून आणखी दोन महिने. अखेर बायॉप्सी झाली तेव्हा रोग पोटातल्या ग्रंथींपर्यंत पोचला होता. ते वाचले नाहीत. डॉक्टरांना आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. आपल्या देशात मानेतील गाठ क्षयाची असणे नेहमीचेच आहे. परंतु "तपासून पाहा" असे म्हणणारे आमच्यापैकीही कोणी नव्हते. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी असे तथागतांनी कालामांना सांगितले. ते आपण विहारात ऐकतो नि दवाखान्यात विसरतो.

बायॉप्सीने कर्करोग पसरतो, या भीतीने ती टाळू नये. सुईने थोड्या पेशी काढण्यापेक्षा, शक्य असल्यास, अख्खी गाठ काढून तपासलेली बरी. कारण लिम्फोमाचे प्रकार अनेक, आणि उपचारही निराळे. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णिलेला प्रकार केमोथेरपीने बहुसंख्य रुग्णांत बरा होतो. बी-पेशींच्या प्रकारांत रिटुक्सिमॅब हे औषध केमोथेरपीला जोडतात. अमेरिकेत त्याला १९९७ साली मान्यता मिळाली, पण किंमत गरिबाला न पेलणारी. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने तसेच औषध भारतात स्वस्तात आणले.

याहून नवे संशोधन तर मुंबईतच झाले. पवईची आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून 'नेक्सकार-१९' हा उपचार सिद्ध केला. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांत नवे जनुक घालून, रोगट बी-पेशी ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास मान्यता मिळाली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांत रोग आटला वा नाहीसा झाला. आणि हे रुग्ण असे, की ज्यांचा रोग आधीच्या औषधांना दाद देत नव्हता किंवा उलटला होता. काहींना तो पुन्हा होतो, हेही सांगितले पाहिजे. परदेशात अशा उपचाराला कोटींत खर्च येतो, येथे लाखांत. पण लाख तरी आपल्यापैकी कोणाच्या घरी आहेत?

म्हणून पहिली पायरीच महत्त्वाची. केमोथेरपीसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. दोन-तीन आठवड्यांत न जाणारी गाठ कोणाला असेल तर त्यांनी सभेनंतर थांबावे. समितीचे दोघे ससूनला सोबत येतील. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन यावे.