किल्लारी ते मरीना



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन करून गाव झोपले असताना किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीची जड घरे कोसळून हजारो माणसे गेली. तिथे सावध व्हायला क्षणही मिळाला नाही.

२६ डिसेंबर २००४ ला मात्र सुमात्राजवळ धक्का बसल्यावर लाटा मरीनावर यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. वेळ होता, पण निरोप नव्हता. पुढे रूळ तुटलेला आणि गाडीला लाल झेंडा दाखवायला कोणी नाही, तसेच झाले.

२००७ पासून हैदराबादचे केंद्र इशारा देते. तरीही समुद्र अचानक मागे हटला तर बघत थांबू नका, मुलांना घेऊन उंचावर जा. आणि गावी घर बांधताना भिंतीत काँक्रीटचे पट्टे घालायला विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!