हंड्यावरचं नाव

आज बोलायचंय पुण्याच्या जुन्या बाजाराबद्दल. आणि थोडंसं घरच्या माळ्याबद्दल.

मी फलटणची. माऊलींची पालखी पुण्याहून सासवड, जेजुरी, लोणंद, तरडगाव करत आमच्या गावात येते. दोन वर्षांपूर्वी मी तीच वाट उलटी धरली, एसटीनं. चित्रकला शिकायला. स्वारगेटला उतरले तेव्हा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात ड्रॉइंग बोर्ड. रिक्षावाल्या काकांनी बोर्डाकडे बघूनच पाच रुपये वाढवले असणार.

पहिल्या सहा महिन्यांत एक गोष्ट कळली. चित्रकला महाग असते. वर्गातली मुलं कॅफेत बसून स्केचिंग करायची आणि मी मेन्यूकार्ड बघून हिशेब करायचे, एका कॉफीत किती कागद येतील! मग एका सीनियरनं सांगितलं, ''अगं, जुन्या बाजारात जा. बुधवारी नाहीतर रविवारी.''

मंगळवार पेठेजवळ हा बाजार भरतो. पाने-पक्कड, बंद घड्याळं, रेडिओ, नाणी, कॅमेरे, सगळं जमिनीवर मांडलेलं. मी गेले होते जुन्या फ्रेम शोधायला. थांबले पितळी भांड्यांच्या ढिगापाशी.

कारण त्या भांड्यांवर नावं होती.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, माहितीये ना? लग्नात, मुंजीत, बारशाला भांडं द्यायचं, तर त्यावर कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं ते कोरून घ्यायचं. आता मशीननं कोरतात. आधी बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढायचे. त्या ढिगात एका तांब्यावर 'मामांकडून' होतं. एका परातीवर 'बारशानिमित्त'. एका डब्यावर फक्त तारीख.

मी भाव विचारला. काकांनी काट्याकडे बोट केलं. किलोवर! म्हटलं, ''आणि हे नाव?'' ते हसले. म्हणाले, ''ताई, पैसे पितळेचे. नावाचे काय घेऊ?''

भांडं घ्यायची ऐपत नव्हतीच. पण लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, आठवतंय? तेच केलं. परातीवर पातळ कागद धरला, पेन्सिल आडवी घासली. काळ्यात पांढरी अक्षरं वर आली. काका म्हणाले, ''घास की! कागदच घासतेस, भांडं थोडंच झिजतंय!'' त्या दिवशी अकरा ठसे घेतले. नंतर दर रविवारी जायला लागले.

तिथून कसबा पेठेतली तांबट आळी जवळ आहे. पेशवाईपासून तिथं तांबट मंडळी तांब्या-पितळेची भांडी घडवतात. एकदा नक्की जा, आधी आवाजच ऐकू येतो. भांड्याला बाहेरून हातोडीचे सारखे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. मला वाटायचं ती नुसती नक्षी आहे. पण त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांडं टिकतं आणि चकाकतंही. स्टील आणि प्लॅस्टिक आलं आणि हे काम कमी झालं.

आणि बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. राजा हा त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा, त्याचं नाव संग्रहाला दिलं. दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी, अशा वीस हजारांवर वस्तू. पुढे त्यांनी हे सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. आपल्या आज्यांनी रोज हाताळलेल्या वस्तू तिथं काचेमागे बघताना मला एकदम घर आठवलं.

रात्री आईला फोन केला. म्हटलं, ''आई, आपल्या माळ्यावर आजीचा तांब्याचा हंडा होता ना? त्यावर नाव आहे का गं? सुट्टीला आले की ठसा घेते.''

आई गप्प. मग म्हणाली, ''आगं, तो कवाच मोडीत दिला. गळत हुता.''

मी म्हटलं, ''गळत नव्हता गं. मीच त्यात पाणी भरलंय.''

परत गप्प. मग हळूच, ''तुझी पयली फी भरायची हुती ना.''

मंडळी, मला काही बोलताच येईना. तीच म्हणाली, ''नाव वाचून का कोण पैसं देतंय? वजनावर दिला.'' मग तिनंच सांगितलं, हंडा आजीच्या भावानं भाऊबीजेला दिला होता. साल १९७२. म्हणजे दुष्काळाचं. प्यायला पाणी नाही आणि भाऊ बहिणीला हंडा देतोय! काय म्हणाला असेल तो तेव्हा? विचारायला आता आजीही नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं वहीच्या कागदावर लिहून व्हॉट्सॲपला फोटो पाठवला. 'बहिणीस भाऊबीज १९७२'. खाली लिहिलं होतं, ''बहिणीस हुतं का बहिणीला, नक्की आठवत न्हाई.''

माझ्या वर्षअखेरीच्या कामात चाळीस ठसे आहेत, सगळे अनोळखी घरांचे. एक्केचाळिसावा तो वहीचा कागद. तसाच लावलाय, आईच्या अक्षरात.

मोडीत देऊ नका, असं मी म्हणणार नाही. गरज असते, द्यावं लागतं. आणि त्या हंड्यामुळंच मी आज इथं बोलतेय. पण देण्याआधी पाच मिनिटं काढा. कागद, पेन्सिल, एक ठसा. ते जमत नसेल तर मोबाइलवर फोटो. आणि घरात कुणी मोठं असेल तर विचारून घ्या, हे कुणी दिलं, कधी दिलं. भांड्यावर तेवढंच लिहिलेलं असतं. का दिलं, ते त्यांनाच माहीत असतं.

तुमच्या घरातल्या भांड्यावर काय कोरलंय ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!