रिपोर्ट नॉर्मल, तरी डोळा सुजलेला

नायगावहून जेरबाई वाडिया रस्त्याने परळकडे निघालात की टाटा रुग्णालयाच्या अ‍ॅनेक्स इमारतीत रेडिएशन मेडिसिन सेंटर लागतं. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते १९६३ साली सुरू केलं. थायरॉइड ग्रंथी बेफाम काम करू लागली की तिला आवरणारं किरणोत्सारी आयोडीन तिथे मिळतं. एवढा चांगला इलाज नायगावकरांच्या हाकेच्या अंतरावर आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण हे आयोडीन घेण्याआधी डोळे तपासून घेतलेच पाहिजेत. डोळ्यांचा आजार भरात असेल तर आयोडीनने तो वाढू शकतो, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्तच. अशा वेळी डॉक्टर सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या देतात किंवा दुसरा मार्ग निवडतात.

डोळ्याचा आणि गळ्यातल्या ग्रंथीचा संबंध काय? ग्रेव्हज आजारात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते. पेशींवरच्या ज्या खुणेवर ती तुटून पडते, तीच खूण डोळ्यामागच्या पेशींवरही असते. तिथले स्नायू जाड होतात, चरबी वाढते. खोबण हाडाची, ती काही ताणली जात नाही. मग डोळा पुढे येतो, पापणी वर ओढली जाते, काहींना एकाचे दोन दिसतात.

सुरुवातीला पाणी येतं, लाली दिसते. घरात म्हणतात, डोळे आलेत. आठवडेच्या आठवडे थेंब घालत राहतात. दुसरीकडे थायरॉइडच्या गोळ्या चालू असतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. इथेच घात होतो. गोळ्यांनी ग्रंथी ताळ्यावर आणावीच लागते, पण डोळ्याची सूज तिच्या मागोमाग उतरेलच असं नाही. ती साधारण वर्ष-दीड वर्ष धुमसते आणि औषधाचा खरा उपयोग त्याच काळात होतो. मध्यम किंवा तीव्र आजारात मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून देतात, आठवड्यातून एकदा, १२ आठवडे, एकूण साधारण साडेचार ग्रॅम. साखर, रक्तदाब आणि यकृत तपासत राहावं लागतं. २०२० साली अमेरिकेत टेप्रोटुमुमॅबला मान्यता मिळाली. औषध गुणकारी आहे, पण त्याने ऐकू कमी येऊ शकतं, आणि किंमत चाकरमान्याच्या आवाक्यातली नाही. बिडी सोडायला मात्र पैसे लागत नाहीत, आणि रुग्णाच्या स्वतःच्या हातात त्याहून मोठा उपाय नाही.

झोपेत पापण्या पुऱ्या मिटत नसतील तर रात्री मलम घाला, उशाशी दोन उशा घ्या. आजार शांत झाल्यावर शस्त्रक्रिया ठरलेल्या क्रमाने होतात: आधी खोबणीची, मग तिरळेपणाची, शेवटी पापणीची.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. घरात बाटलीचं लाल झाकण असेल. एक डोळा झाकून त्याकडे बघा, मग दुसरा झाकून बघा. एका डोळ्याला तो लाल रंग विटका दिसू लागला, तर सुजलेले स्नायू नेत्रनाडी दाबत असतील. दोन्ही डोळ्यांची नजर एकदम मंदावली तरी तीच शंका घ्या. सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका, त्याच दिवशी केईएमची कॅज्युअल्टी गाठा आणि थायरॉइडचा केसपेपर सोबत न्या.