बेवफा कोण होती?



आज पिकाचं नाही, बचतीचं नाही, गाण्यांचं बोलू. तीही भजनं किंवा भुलाबाईची गाणी नव्हेत. शिकलेली माणसं ज्यांना हलकी म्हणून नाक मुरडायची, ती नव्वदच्या दशकातली टेपवरची गाणी.

1990 साली 'आशिकी' आला आणि कुमार सानू, अनुराधा पौडवाल घराघरात शिरले. कॅसेट स्वस्त झाल्या होत्या. कापसाचे चुकारे हाती आले की कुणाच्या तरी घरी टेप यायचा आणि सगळी गल्ली ऐकायची. लाईन गेली तर सेलवर. सेल उतरले की गाणाऱ्याचा आवाज जाड व्हायचा, मग सेल उन्हात ठेवायचे. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. काळीपिवळी जीप, लग्नाचा मांडव, पानठेला, सगळीकडे तीच गाणी. टेपचं बटण मात्र पोरांच्या हाती. आपण चुलीपाशी, कानावर पडेल ते ऐकायचं. तरी पाठ झाली, आणि वावरात कापूस वेचताना ओठावर तीच आली.

अल्ताफ राजा आठवतो? 'तुम तो ठहरे परदेसी'वाला. हा आपल्या नागपुरात जन्मलेला. त्याचे आईवडील दोघंही कव्वाल. आईचं नाव राणी रूपलता. बाई कव्वाली गाते हे आपल्याकडे किती जणींना माहीत होतं? त्या गाण्यात तो एका वर्षाचा हिशेब मांडतो. जानेवारीत भेट, मग एकेक महिना, जुलैत बोलणं कमी, सप्टेंबरात संबंध तोडल्याची चिठ्ठी. महिन्यांवर दुःख मांडायची रीत जुनीच आहे. तिला बारामासा म्हणतात आणि त्यात बहुतेक वेळा बाईच घरी वाट बघत असते, नवरा परदेशी. इथं उलट झालं. रडणारा पुरुष आणि सोडून जाणारी ती. चाल सोपी, मधूनमधून शेर, आवाज नाकातला. खरं सांगायचं तर आजही वाजलं की पाय हलतात, आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही.

पण त्या काळात अशा गाण्यांचा पूरच आला. 1995 साली 'बेवफा सनम' नावाचा सिनेमा आला. त्यातला नायक प्रेयसीच्या खुनासाठी तुरुंगात जातो आणि गाणी गातो. 'अच्छा सिला दिया' हे त्यातलंच, सोनू निगमनं गायलेलं. मुळात ते पाकिस्तानच्या अताउल्ला खान यांनी गाजवलेलं. त्या अताउल्लांबद्दल गावोगाव एक अफवा होती, की त्यांनीही बेवफा बाईला मारलं आणि ते फाशीच्या कोठडीतून गातात. अफवा साफ खोटी. तो माणूस पुढं कित्येक वर्षं मैफिली करत राहिला. पण ऐकणारे काय म्हणायचे? "बिचारा!" मेलेल्या बाईला कुणी बिचारी म्हटलं नाही. आम्ही गटात हे बोलायला लागलो तेव्हा दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. ज्या गाण्यावर हळदीत नाचलो, त्यातली मेलेली बाई आम्हाला कधी दिसलीच नव्हती.

आणि बेवफा म्हणजे तरी कोण? आठवा आपल्या गावातल्या पोरी. सातवी-आठवीत शाळा सुटलेली, बापानं सोयरीक जुळवली, मामानं होकार दिला, मे महिन्यात अक्षता पडल्या. तिला कुणी विचारलं नाही. आणि इकडं कुणीतरी ऑटोच्या मागं 'बेवफा' रंगवून फिरला. वचन दिलं असेल तर ते पाळायचं तिच्या हातात होतं का? गाण्यात बाप नाही, जात नाही, हुंडा नाही. फक्त ती आहे आणि तिचा दगा. पैसेवाला नवरा तिनं निवडला म्हणतात. आपल्यातल्या कितीजणींनी नवरा निवडला, हात वर करा बरं!

त्याच 1995 साली अलीशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं होतं. त्यात राजकन्या एकेका पुरुषाला नाकारते आणि शेवटी पेटीतून निघालेला आपला मिलिंद सोमण पसंत करते. ते चित्र बघायला टीव्ही हवा, आणि टीव्ही गावात दोन-तीन घरी. आपल्या कानावर आली ती रडकी गाणीच. ती बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. आमच्यातल्या एकीची सून म्हणाली, "आत्या, आता मोबाईलवर याहून वाईट येतं." तेही खरं आहे.

म्हणून पुढच्या कार्यक्रमासाठी एक काम. अल्ताफ राजाची ती महिन्यांची तऱ्हा घ्या आणि त्या 'बेवफे'ची बाजू रचून आणा. जानेवारी ते डिसेंबर, ती कुठं होती, काय करत होती. शब्द तुमचे, बोली आपली वऱ्हाडी. आमच्या गटाचं एप्रिलपर्यंत झालंय. जानेवारीत ती विहिरीवर, फेब्रुवारीत हरभरा सोंगायला, मार्चमध्ये पाहुणे बघायला येतात, एप्रिलमध्ये तिचा नवा परकर शिवायला टाकलाय. मे महिन्याशी मात्र अडलोय. तिथं काय म्हणायचं यावर दोघींचं अजून भांडण चालू आहे.